सारनाथ-बुद्धगयेला जाताना

काटकसर करून आयुष्यात एकदाच निघायचे, तर प्रवास नीट आखला पाहिजे. नाहीतर आठही दिवस गाडीत जातात. आमच्या वस्तीतल्या सहा कुटुंबांनी सारनाथ, बुद्धगया, राजगीर आणि नालंदा एवढेच ठरवले. कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी पुढच्या खेपेला ठेवले, कारण सोबत सत्तरी ओलांडलेल्या आया होत्या.

दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते. पण छठपूजेला गावी निघालेल्यांनी बिहारच्या गाड्या तेव्हाच भरतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. म्हणून आम्ही फेब्रुवारी निवडला. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी मिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी मिळते. तोवर रजा मंजूर आणि पैसे हाताशी हवेत.

वाराणसीहून सारनाथ सुमारे १० किलोमीटर. तिथले संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणून तो वार टाळला. अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष तिथेच आहे. रोज नोटेवर दिसणारे ते सिंह समोर पाहून आया बराच वेळ जागच्या हलल्या नाहीत.

पुढे रेल्वेने गया, तिथून रिक्षाने बुद्धगया. एक पूर्ण दिवस बोधिवृक्षापाशी बसून काढला. राजगीर-नालंदा जवळजवळ आहेत. भाडे आधी बोलून दिवसभरासाठी जीप केली.

ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी दोनच ठिकाणे करावीत, पण हा प्रवास पुढच्या वर्षावर टाकू नये.