आपलं आणि परकं

आमच्या सौ.ला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. वयामुळे सांधे झिजतात तो संधिवात वेगळा. यात शरीरातले रक्षकच सांध्याच्या अस्तरावर चाल करून जातात. 2020 च्या कोरोनापासून घरी येणारे मायेने सांगतात, "प्रतिकारशक्ती वाढवा!" आता काय सांगावं? हिची शक्ती कमी नाहीच, ती भलतीकडे वळली आहे.

अशी का वळते? मी भाषेचा मास्तर, पण वाचून उमगलं ते सांगतो.

उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला ठाऊक नसतं. म्हणून काही पांढऱ्या पेशी घडवताना ते जनुकांचे तुकडे कसेही जुळवून नाना आकारांचे पंजे तयार ठेवतं. कधी न पाहिलेला शत्रूही त्यातल्या एखाद्या पंजात सापडतो. पण इतक्या तऱ्हा केल्या की काही पंजे आपल्याच पेशींना धरणारे निघणारच! छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी-पेशींची परीक्षा होते आणि आपल्यांवर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात. तरी काही सुटतात. कडक परीक्षेतूनही चार-दोन कसे निसटतात, हे मास्तराला कोणी सांगायला नको.

सुटलेल्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 साली त्या दाखवून दिल्या. अमेरिकेतल्या मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी 2001 साली त्यांच्याशी निगडित जनुक शोधलं. तिघांना 2025 चं नोबेल मिळालं. हा आवर सुटला की घरातच भांडण लागतं. त्याला आनुवंशिकता, धूम्रपान अशी कारणं हातभार लावतात. बायकांना हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो.

शेजारीपाजारी मात्र कारण लगेच सांगतात. कोणी म्हणतं गार पाण्यात धुणं धुतलंस म्हणून, कोणी आंबटावर खापर फोडतं, कोणी थेट मागच्या जन्मावर जातं. मग ही रात्री विचारते, "अहो, माझंच काय चुकलं?" काही चुकलं नाही गं. अनोळखी शत्रूसाठी तयार राहायचं, तर हा धोका प्रत्येकाच्याच शरीरात असतो.

डॉक्टरांनी दिलेली गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती शक्ती वाढवत नाही, आवरते. तेव्हा मंडळी, अशा कोणाकडे गेलात तर काढा नेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारू द्या. नुसते बसायला गेलात तरी पुष्कळ. सकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून द्यायला माणूस लागतंच.