वहीतली एक ओळ

डिसेंबर आला की वाचणारी माणसे वहीतली नावे मोजायला घेतात. वर्षात किती पुस्तके झाली, हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो, आणि वहीत कॉमिक्स मांडायला घेतली की त्याची चूक लगेच उघडी पडते. चांगदेव खैरमोडे यांनी लिहिलेल्या आंबेडकर-चरित्राचे 12 खंड आहेत. अमर चित्र कथेचे ‘बाबासाहेब आंबेडकर’ 32 पानांत आटोपते. दोघांना एकेक आकडा द्यावा तर चित्रकथा अख्ख्या चरित्राच्या बरोबरीला येते. न द्यावा तर ती वाचलीच नाही असे होते. दोन्ही हिशेब खोटे. म्हणून माझे म्हणणे असे, की वर्षाची नोंद पुस्तकांची नव्हे, विषयांची ठेवावी. एका विषयाच्या ओळीत चरित्र, कविता, नाटक, चित्रकथा, व्यंगचित्र, जे जे वाचले ते शेजारी शेजारी लिहावे.

6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे मांडणी अशीच असते: जाडजूड खंड, भाषणांच्या पुस्तिका, गाण्यांची चोपडी, मुलांसाठी चित्रमय चरित्रे. एकाच आयुष्याकडे जाणाऱ्या या वेगवेगळ्या वाटा आहेत. खैरमोडे कागदपत्रे आणि तपशील पुरवतात. अमर चित्र कथा घटनांचा क्रम मनात बसवते. 2011 साली आलेले ‘भीमायन’ तिसरेच काही करते. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात चौकटींची ठरीव रांग मोडली. मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, तर जिव्हारी लागणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द वाचण्याआधीच त्या शब्दाचा डंख डोळ्यांना कळतो. हे पुस्तक बाबासाहेबांच्याच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींवर उभे आहे, त्यामुळे ते मिटले की मूळ लेखन उघडावेसे वाटते आणि तिथून चरित्राकडे वळावे लागते. एकाच ओळीत लिहिलेली ही नावे एकमेकांना पुरी करतात.

यावर जुना आक्षेप असा, की चित्र सगळे आयते देते आणि कल्पनाशक्ती आळसावते. पण मराठी दिवाळी अंकांनीच याचे उत्तर दिलेले आहे. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’मधली खिडकीचित्रे आठवावीत. कापलेल्या खिडकीतून थोडेसे दिसते, उरलेले चित्र वाचक मनात रंगवतो आणि पान उलटल्यावर त्याचा तर्क साफ कोसळतो. चित्रकथेच्या दोन चौकटींमधली कोरी पट्टी हीच खिडकी असते. पहिल्या चौकटीत उगारलेला हात दुसरीत खाली आलेला असतो. मधला प्रहार वाचकाने केलेला असतो. गिरगावातल्या मॅजेस्टिकच्या ‘ललित’ मासिकातून जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहीत, आणि वसंत सरवट्यांनी त्याला हातोडाधारी रूप दिले. त्या रेषांनी दळवींचे शब्द झाकले नाहीत. त्या लेखनाला अंगकाठी मिळाली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: कॉमिक्स कापतात आणि सोपे करतात. टाइम्स समूहाने 1964 मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाच्या कथा ठरलेल्या पानांत बसवण्यासाठी छाटल्या जात. त्याच्या देशाचे ‘बंगाला’ हे नाव बंगालशी गोंधळ नको म्हणून ‘डेंकाली’ झाले. पण निवड आणि काटछाट चरित्रकारही करतो. गद्याच्या सलग ओघात ती लपते, एवढेच. शेजारी दुसरे काही ठेवल्याशिवाय कोणतीच कात्री दिसत नाही, आणि विषयवार वही ते शेजारपण देते.

आकड्याने शिस्त लागते, हेही खरे. 1898 पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेला देवघेवीचा आकडा ठेवावाच लागतो. पण वाचकाची वही म्हणजे ग्रंथालयाचे रजिस्टर नव्हे. तिथे लालबाग-परळची एक ओळ घालून पाहावी: नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’, जयंत पवारांचे ‘अधांतर’ नाटक आणि 1960 साली निघालेल्या ‘मार्मिक’मधली व्यंगचित्रे. मोजायची झाली तर या तीन सुट्या खुणा. एका ओळीत आल्या की कामगार म्हणून बोलणारा माणूस, मराठी म्हणून ज्याला हाक दिली गेली तो माणूस आणि गिरणी संपानंतर घरात कोंडलेले कुटुंब एकमेकांसमोर उभे राहतात, आणि त्यांच्यातला वाद वाचकाला स्वतः लढवावा लागतो. वर्षअखेरीस मोजायचेच असेल तर ज्या ओळींत अजून एकच नाव आहे त्या मोजाव्यात. पुढच्या वर्षाचे वाचन तिथूनच सुरू होते.