मेरी लूसाठी छापलेला पियानोचा धडा

हार्लेम, न्यूयॉर्क

हॅमिल्टन टेरेस, घर क्रमांक ६३. पियानिस्ट मेरी लू विल्यम्स इथे राहायच्या. १९४० च्या दशकात क्लब मिटले की थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी त्यांच्या घरी जमत आणि पहाटेपर्यंत नव्या चाली वाजवून बघत. जाझच्या इतिहासात ही पोरं क्रांतिकारक ठरली. त्यांना कान देणाऱ्या, सुचवणाऱ्या बाईंचं नाव मात्र उगाच मागे राहिलं.

ते पुढे आणलं चित्रकार रोमेअर बिअर्डन यांनी. बाईंच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांनी ‘होमेज टू मेरी लू’ हे रंगीत शिळाछाप चित्र केलं. त्यात ना रंगमंच, ना टाळ्या. घरातली खोली, पियानोशी बसलेली मुलगी आणि तिच्यालगत उभी शिक्षिका. चित्रकार मातीसच्या १९१६ च्या ‘पियानो लेसन’ची आठवण यात उघड आहे, पण मातीसचा मुलगा एकटा पडलेला, मागची बाई दूर, उंच स्टुलावर. बिअर्डननी ते अंतर मिटवलं. या चित्राचा सगळा जीव त्या जवळिकीत आहे.

हे चित्र शिळाछापाचं; मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधली चित्रं निघाली तीही याच तंत्राने. तेलकट खडूने रेखाटायचं, पृष्ठभाग ओला करायचा आणि रूळ फिरवायचा. शाई तेलकट रेघेला धरते, ओल्या जागेला शिवत नाही. एकेका रंगाचा वेगळा छाप. कागद केसभर सरकला तरी लाल रंग रेघेबाहेर जातो.

चित्रातल्या मोकळ्या जागेचं महत्त्व मात्र बिअर्डन पियानोवरूनच शिकले. चित्रकार स्टुअर्ट डेव्हिस यांनी त्यांना पियानिस्ट अर्ल हाइन्स ऐकायला सांगितलं होतं: सुरांपेक्षा सुरांमधल्या विरामांकडे लक्ष द्यायला.

पिट्सबर्ग

मेरी लू वाढल्या त्या इथल्या ईस्ट लिबर्टीत. आईच्या मांडीवर बसून, तिने ऑर्गनवर वाजवलेलं ऐकून त्या तसंच वाजवू लागल्या. मग चित्रातली मेरी लू कोणती, मुलगी की शिक्षिका? दोघीही, असंच मानावंसं वाटतं. अखेरची वर्षं त्यांनी ड्यूक विद्यापीठात शिकवण्यातच घालवली.

बिअर्डनचंही बालपण काही काळ याच शहरात, आजीकडे गेलं. गेटवे भुयारी स्थानकात त्यांचं ‘पिट्सबर्ग रिकलेक्शन्स’ हे टाइल्सचं भव्य भित्तिचित्र आहे, तेही १९८४ चंच. आणि इथल्याच हिल डिस्ट्रिक्टमध्ये जन्मलेल्या ऑगस्ट विल्सन यांना बिअर्डनच्या या पियानोच्या धड्यातून नाटक सुचलं. ‘द पियानो लेसन’ची कथा त्यांनी १९३६ च्या पिट्सबर्गमध्ये घडवली, १९९० मध्ये त्याला पुलित्झर मिळालं.