जागा निवडताना

सात रस्ता, सोलापूर

चि. सोनू,

शेवटच्या वर्षाच्या शिल्पासाठी तू गुलामगिरी हा विषय घेते आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेली कॅरा वॉकरच्या 2014 च्या कामाची छायाचित्रं पुन्हापुन्हा पाहिली. ब्रुकलिनच्या बंद पडलेल्या डॉमिनो साखर कारखान्यात बसलेली, डोक्याला फडकं बांधलेली ती अवाढव्य काळी बाई, आणि अंगावर पांढऱ्याशुभ्र साखरेचा लेप. भोवती काकवीच्या रंगाची पोरं, उकाड्यानं वितळणारी. ज्या साखरेपायी उसाच्या मळ्यांत माणसं गुलाम म्हणून मेली, ती साखर जिथं शुद्ध व्हायची तिथंच हे उभं केलं. या जागेतच त्या कामाचं बळ आहे.

तुझी जागा कोणती, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

आपल्या सोलापुरात सेटलमेंट आहे. पत्त्यात आजही लोक 'सेटलमेंट फ्री कॉलनी' लिहितात. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा 1871 चा. 1911 नंतर तो आपल्याकडेही लागू झाला. कैकाडी, पारधी, टकारी कुटुंबं तारेच्या कुंपणात आणून ठेवली; तीच ही सेटलमेंट. रोज हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पाऊल नाही, आणि कामाला इथल्या कापडगिरण्या. या गिरण्यांचा आपण एवढा अभिमान सांगतो, पण त्या माणसांचं नाव कुणी काढत नाही. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली होती. पोलिसांचा संशय मात्र त्यानंतरही सुटला नाही.

नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातला, जेऊरचा. त्याचा 'फँड्री' (2013) हा चित्रपट पुन्हा बघ. कैकाडी घरातली माणसं मारलेलं डुक्कर काठीला टांगून नेताहेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई. एक शब्द नाही, तरी छाती भरून येते. तिथंही भिंत गावातलीच आहे.

अमेरिकेपासून सुरुवात केलीस यात गैर काही नाही. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केली होती. पण ते तिकडे पाहून इकडचं लिहीत होते.

दिवाळीत आलीस की आपण सेटलमेंटमध्ये जाऊ. कॅमेरा घरी ठेव. हजेरी आठवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याजवळ नुसतं बसायचं. शिल्प करायचं की नाही, आणि केलं तर कुठं उभं करायचं, हे त्यांना विचारून ठरव.

तुझी,
मावशी