भिंतीला भोक नको, पण डोक्यावर काय?



वर्गसजावट करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो भिंतीचा. जुन्या भिंतीला भोक पाडलं की पोपडे निघतात. आतून वायर गेली आहे का, हेही कळत नाही. भाड्याच्या घरात तर घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. म्हणून हल्ली आपण दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, चिकट हुक किंवा सिलिकॉन वापरतो. मीही वापरते. पण ज्या भिंतीखाली मुलं मांडी घालून बसतात, तिथे काहीही चिकटवण्याआधी थोडा विचार करायला हवा.

गोंद खरं तर भिंतीला चिकटतच नाही! तो चिकटतो रंगाला. रंग पुट्टीला, पुट्टी गिलाव्याला आणि गिलावा विटेला धरून असतो. या साखळीत जी कडी सर्वांत कच्ची, तिथेच वस्तू सुटते. चुना लावलेल्या भिंतीवरून हात फिरवला की तळवा पांढरा होतो ना? तिथे कितीही महागडा गोंद लावा, तो चुन्याची पापडी घेऊन खाली येणार. पाकिटावर लिहिलेलं वजन बहुधा टाइल किंवा काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागासाठी असतं. स्क्रू मात्र गिट्टीसकट भिंतीच्या आत जातो, म्हणून त्याला रंगाच्या भरवशावर राहावं लागत नाही.

आता एक प्रयोग मुलांकडून करून घ्या. चिकटपट्टीचा तुकडा बाकावर चिकटवा, एक टोक मोकळं ठेवा. ते टोक बाकाला समांतर ओढा. पट्टी सहज निघत नाही. मग तेच टोक वर उचलून ओढा. लगेच सुटते! समांतर ओढताना ताण सगळ्या पट्टीवर वाटला जातो. उचलताना मात्र तो एका कडेवर एकवटतो. म्हणूनच भिंतीलगतचा तक्ता टेपवर टिकतो, पण पुढे आलेली पुस्तकांची फळी टिकत नाही. फळीचं वजन वरची कड भिंतीपासून सोलत राहतं.

पाल भिंतीवर कशी चालते, हे मुलं हमखास विचारतात. तिच्या पायांना गोंद नसतो. बोटांखालचे अतिसूक्ष्म केस भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंमधलं आकर्षण तिला धरून ठेवतं. चिकटण्यासाठी जवळीक लागते आणि धूळ नेमकी मध्ये येते. म्हणून आधी भिंत कोरड्या फडक्याने पुसा, टेप नीट दाबा, आणि सिलिकॉन असेल तर निदान एक दिवस काही टांगू नका. ओल आलेल्या भिंतीवर तर चिकटवूच नका. पावसाळ्यात लावलेल्या वस्तू अधूनमधून हलवून पाहा.

झटपट चिकटणारा गोंद, म्हणजे फेविक्विकसारखा, मुलांच्या हाती देऊ नका. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून बोटं पटकन चिकटतात. तसं झालं तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि हळूहळू सोडवावा. सुती कापडावर किंवा कापसावर हा गोंद सांडला तर तो चटका बसण्याइतका तापू शकतो, हेही लक्षात असू द्या.

माझा नियम साधा आहे. पडलं तर कुणाला लागणार नाही, ते गोंदावर: तक्ते, नकाशे, मुलांची चित्रं. काचेची फ्रेम, आरसा, जड घड्याळ, पुस्तकांची फळी यांना मात्र स्क्रूच हवा. त्यासाठी वायरिंग माहीत असलेल्या माणसाला बोलवा, खर्च झाला तरी चालेल.

उद्या वर्गात किंवा घरी मुलांना सोबत घेऊन भिंतींवरून एक नजर फिरवा. कोणती वस्तू कशावर टिकली आहे, हे त्यांनाच ओळखू द्या आणि जी सैल वाटेल ती लगेच खाली उतरवा.