जुनी नोंद, नवी नोंद

कोश कालांतराने जुना होतो, ही त्याची उणीव नव्हे. तो त्याचा स्वभावधर्म आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या खंडांच्या काळी चेकोस्लोव्हाकिया हे एकसंध राष्ट्र होते. १९९२ च्या अखेरीस ते दुभंगले. प्लूटो तेव्हा सूर्यमालेतील नववा ग्रह होता. २००६ साली त्याची गणना बटुग्रहांत झाली.

हे खंड संगणकाच्या पडद्यावर आले तेव्हा जुन्या नोंदी जागच्या जागी बदलाव्यात, की नव्याने लिहाव्यात, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नव्या नोंदींसाठी स्वतंत्र संकेतस्थळ उभारले गेले आणि खंडांतील मूळ मजकूर पूर्वीच्या स्थळावर राहू दिला गेला. हा निर्णय मला केवळ सोयीचा नव्हे, तर वाङ्मयीन दृष्ट्या विवेकाचा वाटतो.

कोशातील नोंद माहिती देते, तशीच ती आपल्या काळाची साक्षही देते. एखाद्या वाङ्मयीन संकल्पनेसाठी त्या पिढीने कोणती संज्ञा योजली, कोणत्या लेखकाला किती जागा दिली, कोणाला वगळले, हे समीक्षेच्या अभ्यासकाला जुन्या पानावरच कळते. ग्रंथालयात दुसरी आवृत्ती आली म्हणून पहिली नाहीशी होत नाही. दोन्ही आपापले प्रकाशनवर्ष मिरवीत शेजारी उभ्या असतात. संकेतस्थळावर मात्र नवे अक्षर जुन्यावरच उमटते आणि खाली काय होते याची खूणही उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एक प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला होता. त्यातील मध्यवर्ती विधान एका नियतकालिकाच्या संकेतस्थळावरील लेखावर आधारलेले होते. मी तो पत्ता उघडून पाहिला, तेव्हा स्थळाचे रूप पालटले होते आणि लेख कोठेच नव्हता. विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे दिलेला आधार असा निराधार झाला होता. तिने लेखाची छापील प्रत जपून ठेवली होती, म्हणूनच ते विधान टिकले. परंतु असे जतन करण्याचे ओझे एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य नाही.

जुने राखणे म्हणजे ते नुसते पडू देणेही नव्हे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा कितीतरी मराठी मजकूर विशिष्ट फाँटशी जखडलेला होता. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच मजकुराच्या जागी अर्थहीन चिन्हांच्या रांगा दिसत. अक्षरे शाबूत, पण वाचन अशक्य, अशी ती अवस्था होती. म्हणून जुन्या मजकुराचे लिप्यंकन वेळोवेळी नवे करावे लागते. शब्द मात्र तेच ठेवावे लागतात.

जुनी नोंद वाचून शाळकरी वाचक फसेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय मात्र साधा आहे. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर तिचे लेखनवर्ष असावे, जुनीतून नवीकडे व नवीतून जुनीकडे जाण्याची वाट असावी आणि एकदा दिलेला पत्ता बदलू नये. नव्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जुन्याच्या देखभालीची रक्कम पहिल्याच दिवशी धरली जावी. तसे झाले, तर पुढच्या अभ्यासकाला आपण काय जाणत होतो एवढेच नव्हे, तर ते केव्हापासून जाणू लागलो, हेही सांगता येईल.