खरखर नेमकी कुठे?

15 ऑगस्ट 1995 रोजी देशात इंटरनेट सेवा सुरू झाली. आमच्या भंडारा जिल्ह्यात ती पुढे टेलिफोनच्या तारेवरून आली. मोडेम मजकुराचा आवाज करून पाठवतो. तारेत खरखर असली की जोडणी तुटते. 2001 च्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीची माहिती काढायला वस्तीतील मुले दाराशी उभी, अन् जोडणी टिकेना! नशिबाला बोल न लावता आम्ही एक आकडा फिरवून डायलटोन थांबवला, रिसिव्हर कानाला लावला. खरखर होतीच. जादा फोन काढले, घरातली वायर सोडवली, पहिल्याच डबीवर फोन लावला. तरी खरखर, म्हणजे दोष बाहेरचा. 198 वर तसेच सांगितले. खांबावरच्या जोडात पाणी शिरलेले निघाले. बंधु-भगिनींनो, एकेक कारण वगळत खऱ्या कारणापर्यंत जाणे, हेही मुलांना शिकवा.